आमेन कोण म्हणन?

३ नोव्हें., सोम.
ह्यायले लकवा झाल्यापासून घरात संध्याकाळची प्रार्थना बंद. लग्नापासून हेच चालवायचे. मी डोक्यावर पदर घेऊन बसायची अन् शेवटी आमेन म्हणायची, मायं काम तेवढंच. आज म्हटलं, बस झालं. बायबल घेऊन ह्यायच्या खाटेजवळ बसली. "हे स्वर्गीय पित्या..." अन् पुढचं येईना. पोळ्या राहिल्या म्हणून उठली. पोळ्या कवाच्याच झाल्या होत्या.

४ नोव्हें.
एक स्तोत्र, मोडकीतोडकी प्रा. शेवटी ह्यायच्या आमेनसाठी थांबली. आमेन आलंच नाही. जीभ वळते आता ह्यायची. 'चहा' म्हणतात, 'पंखा' म्हणतात, 'नको' तर लय साफ. मग मीच म्हटलं. आपणच आपल्याले वाढून घेतल्यासारखं वाटलं.

६ नोव्हें.
काल प्रा. बुडाली. शाळेतल्या कामावरून आली, टीव्हीपुढं बसली, झालं. आज कुकर लावायच्या आधीच बसली. भूक लागली की प्रा. बी बरोबर आठवते.

८ नोव्हें., शनि.
अकोल्याहून विजयभाऊजी आले. ह्यायचे लहाने भाऊ, तिकडच्या चर्चच्या मंडळीत पंच. म्हणे घरच्या कर्त्या पुरुषानं प्रार्थना चालवावी, दादाले बरं वाटेपर्यंत मी दर शनिवारी येत जाईन.
"अन् बाकीचे दिवस देवानं अकोल्यातच राहावं का?"
"वहिनी, तुमाले येते तरी का?"
"येत नाही. शिकून राहिली."
चहा अर्धा टाकून गेले बस पकडायले. हे खाटेवर हसले का काय... एकाच बाजूनं तोंड हलते, समजत नाही.

९ नोव्हें., रवि.
चर्चमध्ये बायका म्हणे, देवाची इच्छा, शांत राह्य. काहून राहू? संध्याकाळी सगळं बोलून टाकलं. "देवा, ह्या माणसानं एक दिवस तुयं नाव सोडलं नाही, अन् तू त्याचीच जीभ धरली. मले तुया राग आहे. उद्या बी बसणार मी, काय करतं ते कर."
ह्यायचे डोळे भरले. विचारलं, म्हणता का आमेन?
"नको." तोंड भिंतीकडं.
ताट आपटलं मी. मग स्वतःच उचललं.

११ नोव्हें.
दिवसभर शाळेत तेच डोक्यात. ह्यायले म्हणता येते, म्हणायचं नाही. देवाशी भांडण आहे. असू द्या, मायं बी आहे. पण मी बसून भांडीन, उठून जाणार नाही.
आज प्रा. केली अन् आमेन म्हटलंच नाही. बायबल ह्यायच्या उशाशी उघडंच ठेवलं. म्हटलं, "चालवायचं काम आता मायं. आमेनचं तुमचं. तुमी म्हणसान तवा संपन."
 हे उघड्या पानाकडं पाहून राहिले.
भाजीले फोडणी दिली, जेवण झालं, भांडे झाले. कान तिकडंच. आजची प्रा. अजून चालूच आहे.