घसरणारा लिव्हर

७ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा घसरला! बंदराच्या तोंडाशी, ऐन ओहोटीत, मागून मालवाहू जहाज येतंय आणि आमच्या शिडाच्या बोटीचं इंजिन मान टाकतंय. कारण काय, तर बाईसाहेबांना शिंक आली! शिंकायला लिव्हरवरचा हात काढला!

वेगाचा लिव्हर पुढे ढकलला की तिथेच राहायला हवा. आमचा राहत नाही. हात काढला की आपला हळूहळू मागे येतो आणि इंजिन मंदावतं. म्हणून तर हिला तिथे बसवलेली. काम एकच – बंदरातून जाता-येता लिव्हर धरून बसणे. तेही जमत नाही. "अहो, शिंक काय सांगून येते?" म्हणे.

"माकड बसवलं असतं तरी शिकलं असतं," म्हणालो. धक्क्यावरचा पहारेकरी पोट धरून हसला. ही नाही हसली. विनोद कळत नाही हिला, बापावर गेलीय.

८ फेब्रुवारी

मनगट सुजलंय म्हणे. लेकीला फोनवर सांगितलं असणार, कारण लगेच तिचा मला फोन. "बाबा, तुम्ही तो लिव्हर दुरुस्त का करत नाही?" म्हटलं, दुरुस्त कशाला? आई आहे ना फुकटची.

फोन आपटला कार्टीने. बापाशी बोलायची रीत नाही.

१४ फेब्रुवारी

ग्रीसचा रविवार. बोट सासरेबुवांची. ते गेले आणि बोट माझ्या हाती आली. धक्क्यावर माझ्यामागे 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणतात, माहीत आहे मला. म्हणोत. म्हाताऱ्याला देखभाल ठाऊक नव्हती. मी दर रविवारी ग्रीसची बंदूक घेऊन सांधा न सांधा भरतो. लिव्हरच्या बुडाशी तर मुद्दाम दोन दाब जास्तच. एवढं करूनही घसरतो म्हणजे मुळात वस्तूच फालतू.

ही पुटपुटली, "बाबा तिथे ग्रीस लावू देत नसत." हे गेली कित्येक वर्षं ऐकतोय. म्हटलं, बाबा गेले, आता मी आहे.  

लग्नाआधी म्हणे ही एकटी बोट घेऊन जायची. दिवस-दिवस! बापाचं कौतुक, दुसरं काय. मी सुकाणूला हात लावू देत नाही. बायकोने सुकाणू धरलं की नवरा बोटीतला प्रवासी होतो. तेवढं मला चांगलं कळतं.

१९ फेब्रुवारी

गिऱ्हाईक मिळालं!! दातांचा डॉक्टर. माझी दाढ कोरता कोरता बोटीचा विषय निघाला. तोंड उघडं असल्यामुळे मी फक्त आ-आ करत होतो, तरी सौदा निम्मा झाला. हसलो मनात.

अट एकच घातली त्याने. "मी एकटा चालवणार. लिव्हर घसरतो असं ऐकलंय. तो जागच्या जागी राहिला तर घेतो." मी म्हटलं, आमची ही धरून बसते, काही अडत नाही. तर म्हणतो, "मला बायको नाही हो!"

लोकांना सांगायला गुडघे आहेत – गुडघे दुखतात, बोट झेपत नाही. इथे खरं लिहितो. बोटीवर पाऊल ठेवताना हिच्या तोंडावर जे येतं ना, ते मला बघवत नाही. माझ्याकडे बघून ते कधी आलं नाही. एकदाही नाही. 

हिला अजून सांगितलेलं नाही. सांगून काय? डोळ्यांना धार आणि घरात अबोला. आधी लिव्हर, मग बातमी.

२१ फेब्रुवारी

बाहेरचा स्क्रू पिळला. घसरला. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली. पट्टी तुटून माझ्याच नाकावर बसली. पुन्हा दोन दाब ग्रीस मारलं. आणखी घसरला! 

आत जायला हवं. पण बुडाशी जी फट आहे त्यातून माझा पंजा जात नाही. हिचा जाईल.

२८ फेब्रुवारी

सगळं नीट लिहून ठेवतो.

हिला म्हटलं, चल, आज लिव्हर दुरुस्त करू. आधी विश्वासच बसेना. "खरंच? अहो, खरंच?" वेडी! तिला वाटलं तिच्या मनगटासाठी! थर्मासभर चहा केला, जुनी साडी फाडून फडकी घेतली, माझ्यापुढे तुरुतुरु चालत धक्क्यावर. मी तसंच समजू दिलं. समज असला की हात चांगला चालतो.

मी बॅटरी धरली. तिने फटीतून हात घातला, आतला नट सोडवला, दोन चकत्या बाहेर काढल्या. काळ्याकुट्ट, माझ्या ग्रीसने लडबडलेल्या. तिने त्या थिनरने धुतल्या, पुसल्या, पुन्हा धुतल्या, पॉलिश पेपरने घासल्या. बोटांची सालं निघाली. "रक्त गादीला लावू नकोस," म्हणालो. "गिऱ्हाईक" शब्द अगदी ओठांवर आला होता, गिळला.

बसवताना मी ग्रीसची बंदूक पुढे केली. तर म्हणाली, "नको."

नुसतं नको! मला! वर समजावून सांगितलं – या चकत्यांनी एकमेकींना धरून ठेवायचं असतं, म्हणून लिव्हर ठेवू तिथे राहतो. वंगण दिलं की पकड जाते. "बाबांनी शिकवलं होतं." नट आवळून बघितला, थोडा सैल केला, पुन्हा आवळला.

बंदराबाहेर गेलो. लिव्हर हलला नाही. सबंध फेरीत तसूभरसुद्धा नाही! ही सवयीने शेजारी बसलेली, पण रिकाम्या हाताचं काय करावं ते तिला कळेना. शेवटी मांडीवर ठेवला. 

म्हणजे इतकी वर्षं तो माझ्याच ग्रीसने घसरत होता. हे फक्त इथे. तिने "मी म्हणत होते ना" म्हटलं नाही, तेच जास्त झोंबलं. म्हटलं असतं तर मला ओरडता तरी आलं असतं.

१ मार्च

डॉक्टरला कळवलं, लिव्हर पक्का. "कुणी दुरुस्त केला?" मी म्हटलं, मीच. रविवारी सकाळी येतो म्हणाला.

४ मार्च

सांगून टाकलं. भाजी चिरत होती. म्हटलं, रविवारी डॉक्टर बोट न्यायला येतोय.

"कुठली बोट?"

"आपल्याकडे काय ताफा आहे?"

सुरी थांबली. म्हणाली, "म्हणून दुरुस्त करून घेतलीत?"

"मग काय, तुझ्या मनगटासाठी?" 

हे वाक्य मी रविवारपासून जपून ठेवलं होतं. बरोबर बसलं. पांढरीफटक पडली. 

मग हळूच म्हणते, "एकदा मला नेऊ द्याल? एकटीला. एकदाच. लगेच येते परत." इतकी वर्षं मागितलं नव्हतं, आता मागतेय. द्यायला हरकत नव्हती. खरंच नव्हती. पण तोंडावर तेच आलं होतं, बोटीवर चढतानाचं! माझा तोल गेला. म्हटलं, विकलेल्या मालाला ओरखडा नको. 

"बरं," म्हणाली आणि उरलेली भाजी चिरली. रडली नाही. मी रुमाल काढून तयार होतो, तो परत खिशात घातला. 

६ मार्च

आज दिवसभर बोटीवर. म्हणे साफसफाई. शिडं उलगडून पुन्हा बांधली, पिण्याचं पाणी भरलं, डिझेलची टाकीसुद्धा काठोकाठ. म्हटलं, परक्याला कशाला भरून देतेस? तर म्हणते, "रिकामी बोट देऊ नये." घ्या! म्हातारा असाच उधळा होता.

रात्री जेवताना शांत होती. मला वाढलं, स्वतः पोटभर जेवली, दोन पोळ्या जास्त. एकूण चांगलंच पचवलं म्हणायचं. उगीच मी इतके दिवस सांगायला घाबरलो.

७ मार्च, रविवार

जागा रिकामी. नुसतं पाणी. पहारेकरी म्हणाला, "बाई उजाडताच गेल्या. एकट्याच." आज हसला नाही.

डॉक्टरने मला दोनदा विचारलं, "बोट नक्की तुमचीच होती ना?"