वाडीचे कागद आणि निळी वायर

चाचा,

आज दुकानातला जुना कॉम्प्युटर आणि नवा, दोन्ही वायरने एकमेकांना जोडले. जुन्याला नेट नाही, पेनड्राइव्ह तो ओळखत नाही, म्हणून तुमचीच पद्धत. फायली हळूहळू इकडून तिकडे जात आहेत, तोवर लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. त्या वाडीचे कागद तुमच्या हातून गेले नव्हते, चाचा. माझ्या हातून गेले होते.

दहावी सुटली नाही, पण शुद्धलेखन बरं आहे, एवढ्यावर तुम्ही मला कर्जतच्या दुकानात टायपिंगला ठेवलंत. एके दिवशी तुम्ही ही निळी वायर आणलीत, एक टोक या मशीनला आणि दुसरं त्या मशीनला खोचलंत आणि म्हणालात, "लागलं बघ लगीन दोघांचं. मदी ना काजी, ना भटजी." मी विचारलं, "आणि आहेर?" "फायली म्हंजे आहेर. पन मोजून घ्यायचा रं, मोजून." तेव्हापासून तुम्ही एका मशीनवरून फाइलचं नाव मोठ्याने वाचायचात. मी दुसऱ्या मशीनवर ती उघडायचो, शेवटची ओळ वाचायचो आणि मगच "आली" म्हणायचो. झेरॉक्सला आलेली माणसं हसायची. "चाचा, हजेरी घेताय काय?" तुम्ही वर न बघता म्हणायचात, "गैरहजर राहिला तर तुमचाच दाखला जाईल."

त्या शुक्रवारी तुम्ही नमाजाला गेला होता. ठाकुरवाडीच्या वरच्या वाडीचे वनहक्काचे दावे तुम्ही पंधरा दिवस टाइप करत होता. प्रत्येक घराची वंशावळ, कसत असलेल्या जमिनीच्या चारही बाजू, पूर्वेला ओहोळ, पश्चिमेला हिरड्याचं झाड. मला वाटलं, तुम्ही येईपर्यंत दुसऱ्या मशीनवर प्रत करून ठेवावी. दोन्हीकडे फोल्डरचं नाव एकच. आधीच्या फायली बदलू का, असं मशीन विचारतं. मी हो म्हणतो. नावं वाचायला तुम्ही समोर नाही, म्हणून मीही काही उघडून बघत नाही. सगळं झाल्यावर एक फाइल उघडतो, तर दावेदाराचं नाव आणि खाली रिकामे रकाने. मी प्रत उलट्या दिशेने केली होती, दुसऱ्या मशीनवरच्या जुन्या, कोऱ्या फायली तुमच्या भरलेल्या फायलींवर टाकल्या होत्या.

तुम्ही परत आलात. मी एवढंच म्हणालो, "चाचा, दाव्यांत काही दिसत नाही." तुम्ही चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलंत. "मीच सेव केलं नसंल," म्हणालात. तेव्हा बोलायला हवं होतं. काम जाईल अशी भीती वाटली, आणि त्याहून जास्त, तुम्ही माझ्याकडे कसं बघाल याची.

सोमवारी वाडीची मावशी विचारायला उतरली. "तुज्या मशीनला भूक लागली व्हती का रं चाचा? आमचा डोंगूर खाल्ला त्यानं!" तुम्ही हात जोडलेत. "माज्या हातून गेलं गं. पुन्ना कागद आन, मी बसतो." ती तो चढ पुन्हा चढली आणि गठ्ठा घेऊन पुन्हा उतरली. आठ दिवस मी वाचत होतो आणि तुम्ही टाइप करत होता, डोळ्यांना पाणी येत होतं तरी. दावे वेळेत गेले. मग जमिनीही मिळाल्या. माझं सांगणं तेवढं राहिलं.

इथवर लिहिलं आणि तीच मावशी दारात आली. जमिनीच्या कागदाची झेरॉक्स हवी होती. तिची नजर वायरीवर गेली. "ही चाचाची न रं? लई चांगला मानूस. पन हात ढिला, आमचे कागद घालवलेलं त्यानं." ती मायेनेच हसली. मीही हसलो, चाचा. मग म्हणालो, "मावशी..."

"काय रं?"

"किती काढू?"

"दोन काढ."

मी दोन काढल्या. हे पत्र टेबलावर उघडंच होतं आणि ती त्यावर हात टेकून उभी होती. तिला वाचता येत नाही, याचं मला बरं वाटलं.