जावेचा रिपोर्ट

बुदुदा, १४ मे

प्रिय नाबिफो,

तुला आणि पोटातल्याला आशीर्वाद. आई बरी आहे. तुझ्यासाठी मटोकेची केळी राखून ठेवलीत म्हणते.

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद खराब करतेय. सोनोग्राफी कर म्हणून महिनाभर मागे लागले, तेव्हा काल एकदाचा रिपोर्टचा फोटो पाठवलास. अगं बाई, तो तुझ्या जावेचा आहे! नाव खोडून स्वतःचं लिहिलंस, पण खालची सही माझी आहे. मंगळवारी मीच तपासलं तिला. वान्येंझेचं बाळ छान आहे, आनंद आहे. पण तुझ्या पोटात काय चाललंय ते कोण सांगणार?

आज तिला बोलावून झापलं, तर म्हणते, "मी काय करू ताई? सासूबाई म्हणाल्या, एकाच घरातली पोटं, एकीचा कागद दोघींना पुरे!" मी कपाळावर हात मारला.

मग तिनेच सांगितलं, परवा तुझ्या अंगावरून रक्त गेलं आणि दुखलं काहीच नाही. न दुखता जातं तेच वाईट, नाबिफो. बाळाची वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल, तर कळा सुरू झाल्यावर डोंगर उतरायलाही वेळ मिळणार नाही. दोघंही जाल.

गेल्या वेळी सोनोग्राफीच्या यंत्राने बाळ मारलं, असं सासूबाई म्हणतात. यंत्र मारत नाही, हे मी शंभरदा सांगितलं. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. तेव्हा पाचव्या महिन्यात तुझी वार खालीच दिसली होती. बहुतेकींची वर सरकते, म्हणून "सगळं ठीक" म्हणाले. आठव्या महिन्यात पुन्हा बोलवायचं होतं. वहीत लिहिलंही होतं. रांग होती, लसीकरण होतं... नाही, कारणं नको. मी विसरले. यंत्राने बरोबर दाखवलं होतं. खापर त्याच्यावर फुटलं तेव्हा मी गप्प बसले, कारण मग ते माझ्यावर फुटत नव्हतं. त्याच भीतीने तू आज यंत्राजवळ यायला तयार नाहीस.

हे सासूबाईंनाही वाचून दाखव.

वान्येंझेबरोबर हे पत्र आणि दवाखान्याची गाडी पाठवतेय, ती खाली चर्चपाशी थांबेल. मी आले नाही, मला बघून आतून कडी लावशील. गाडी थेट म्बालेच्या मोठ्या दवाखान्यात जाईल, तिथे माझा हात लागणार नाही. रागाव, शिव्या दे, जन्मभर बोलू नकोस. पण आत्ता, हे वाचून होताच, गाडीत बस.

तुझी ताई
(ताई म्हणणं जड जात असेल, तर नुसतं नावाने नांदुदू म्हण)