सुभेदाराचे बिनइंजेक्शनचे पंधरा दिवस

मु. निमगाव केतकी, ता. इंदापूर
१२ जुलै १९९७

ती. सौ. आक्कास,

धाकट्या हिंदुरावाचा दोन्ही हात जोडून नमस्कार. दाजींच्या पायावर डोकं ठेवलंय असं समजावं, आणि दिपालीला व तिच्या जुळ्यांना आमचे पोटभर आशीर्वाद. नागपूरचा उन्हाळा सोसला का? दाजींचा गुडघा काय म्हणतो? इकडं मी बरा, शकुबाई बरी, म्हैस बरी. सुभेदारही बरा आहे. (हे शेवटचं वाक्य गेल्या आठ महिन्यांत मी तुला फोनवर सात वेळा ऐकवलं. ते पहिल्या दोन वेळा खरं होतं, नंतरचं चारदा साफ खोटं होतं आणि परवाचं पुन्हा खरं आहे. मधल्या चार वेळांचं काय ते सांगायलाच हे पत्र. आधी पाणी पी, मग पुढं वाच. शेवट गोड आहे, आणि अंगात साखर न वाढता गोड आहे.)

दिवाळीच्या पाडव्याला तू आणि दाजी दिपालीच्या बाळंतपणाला निघालात आणि जाताना बारामतीहून सुभेदार बोका माझ्या घरी आणून सोडलात, तेव्हा तू म्हणाली होतीस की त्याला दुधाची सवय आहे, कमी पडू देऊ नको. आक्का, मी कमी पडू दिलं नाही. तुझी वस्तू माझ्याकडं आली आणि वाळून परत गेली असं कुणी म्हणायला नको, म्हणून सकाळी धारेचं दूध, दुपारी दूधभाकरी, संध्याकाळी सायीचं दूध आणि सणावाराला बासुंदी. पंचवीस वर्षं मी कारखान्यावर उसाच्या गाड्या वजनकाट्यावर घेतल्या. बोका नुसता उचलला तरी किती भरेल ते मला कळतं. आला तेव्हा पाच किलो होता, संक्रांतीला सात झाला. मी शेजारपाजाऱ्यांना उचलून दाखवायचो. मग फेब्रुवारीत तो खात होता तसाच खात राहिला आणि वजन मात्र उतरायला लागलं. म्हशीच्या घमेल्यातलं पाणी म्हशीच्या बरोबरीनं प्यायचा आणि जाईल तिथं ओलं करायचा. शकुबाई म्हणाली, पोत्यावर मुंग्यांची रांग लागलीय, गुळाचा खडा पडलाय का बघा. गूळ नव्हता. सुभेदार तिथं बसून उठला होता, एवढंच.

आमच्या शेजारच्या जरिनाभाभी तुला आठवत असतील (ज्यांचा मोईन कुवेतला गाडी चालवतो त्या). त्या मिरच्या मागायला आल्या, मुंग्यांकडं बघितलं, सुभेदाराकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हिंदुरावभाऊ, माझंबी असंच सुरू झालं हुतं. बोक्याला शुगर हाय." मी हसलो. माणसानं हसू नये तिथं मी नेहमी हसतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

हसून झाल्यावर मात्र मी पुन्हा मुंग्यांकडं बघितलं. टोपलीत घालून त्याला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेला. तिथले डॉक्टर बिरदेव कोकरे, वयानं तरुण, घरची पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, त्यामुळं जनावरावर हात ठेवला की जनावर उभं राहतं असा माणूस. पण बोक्याची साखर त्यांनीही कधी बघितली नव्हती. मोईननं कुवेतहून आईसाठी रक्तातली साखर मोजायचं मशीन पाठवलंय, ते जरिनाभाभींनी स्वतः आणून दिलं. डॉक्टरांनी सुभेदाराच्या कानाच्या कडेला सुई टोचली, मोहरीएवढा थेंब पट्टीवर घेतला आणि आम्ही सगळे मशीनच्या खिडकीत बघत राहिलो. आकडा आला चारशे बारा. निरोगी मांजराची शंभराच्या आसपास असावी म्हणे. डॉक्टरांनी आकडा कागदावर टिपला आणि ते म्हणाले, "मी आमच्या कॉलेजच्या सरांना विचारतो. तोवर दूध बंद, भाकरी बंद." आक्का, परत येताना टोपली मला सात किलोपेक्षा जड लागली. तुझ्या नऊ वर्षांच्या बोक्याला मी चार महिन्यांत लाड करून आजारी पाडला होता.

सरांचं उत्तर आठवड्यात आलं. रोज सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं एकेक युनिट टोचायचं, आणि खायला फक्त मांस-मासळी, अंडी. आता आली का पंचाईत? शकुबाईनं नरसिंहपूरच्या देवाला बोलून अंडी-मटण सोडल्याला अकरा वर्षं झाली. आमच्या चुलीनं तेव्हापासून अंड्याचा वास घेतलेला नाही. दोन दिवस मी विषयच काढला नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच काढला. "माझा नवस माझ्या तोंडाचा," ती म्हणाली, "बोका कुठं काय बोललाय देवाला?" पण आमच्या चुलीवर नको, एवढं तिचं म्हणणं. तेव्हा जरिनाभाभी रोज बिनमिठाची, बिनमसाल्याची कोंबडी उकडायला लागल्या आणि सुभेदाराची थाळी त्यांच्या ओट्यावर लागली. (त्यांची सून परवीन म्हणते, घरात एवढं पाहुण्यालाही विचारून करत नाहीत.) इन्सुलिनची बाटलीही त्यांच्याच फ्रीजमध्ये.

ती बाटली मिळवायची हकिकत ऐक. इंदापुरात मिळाली नाही म्हणून बारामतीला गेलो. औषधाच्या दुकानात गर्दी. दुकानदारानं विचारलं, पेशंटचं नाव? मी म्हणालो, सुभेदार. वय? नऊ. दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. "नऊ वर्षं आणि इन्सुलिन!" दुकानदार म्हणाला आणि त्यानं चष्मा काढून पुसला. मागं एक म्हातारी उभी होती, तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि लेकराला उदंड आयुष्य मिळू दे म्हणाली. अशा वेळी 'बाई, तो बोका आहे' असं कुठल्या तोंडानं सांगायचं? मी मान खाली घालून बाटली घेतली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की माझेच डोळे भरलेत.

टोचायचं काम सुरुवातीला शकुबाईनं केलं. मी सुई बघितली की मला घेरी येते (तुला तो देवीच्या लशीचा दिवस आठवत असेलच, तूच मला घरी उचलून आणलं होतंस). मी फक्त त्याला धरायचो आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचो. पण शकुबाई माहेरी सणसरला दोन दिवस गेली तेव्हा इलाज उरला नाही. मानेमागची कातडी चिमटीत धरली, दात आवळले आणि टोचलं. सुभेदारानं कोंबडीतून मान वरसुद्धा केली नाही. मी मात्र ओट्यावर पाय पसरून बसलो आणि परवीननं मला पाणी दिलं. त्या दिवसापासून हे काम माझं. कान गरम फडक्यानं शेकायचा, कडेला टोचायचं, थेंब घ्यायचा, मशीनचे आकडे मोजून होईपर्यंत कान चिमटीत दाबून धरायचा, हे मी आता झोपेतही करीन. कारखान्यातल्यासारखी वही घातली: तारीख, वेळ, साखर, खाणं, वजन, शेरा. तीनशे ऐंशी. दोनशे नव्वद. दोनशे दहा. एकशे साठ. आकडा उतरला की जरिनाभाभी आतून ओरडून विचारायच्या, "किती?" आणि मी सांगितलं की गल्लीतली बाकीची माणसंही ऐकायची.

आता जे लिहितोय ते लिहायला तीन दिवस लागले. मे महिन्यात जरिनाभाभींच्या घरचे सगळे लग्नाला गेले. फ्रीजसाठी किल्ली आमच्याकडं होती, आदल्या दिवशीची उकडलेली कोंबडीही त्यांनी ठेवली होती, पण सुभेदारानं तिला तोंड लावलं नाही. सकाळी सातचा भोंगा झाला आणि मी इन्सुलिन टोचून मोकळा झालो. वेळ म्हणजे वेळ, हा माझा काट्यावरचा बाणा. खाल्लंय की नाही ते बघायचं, हे डॉक्टरांनी दहादा सांगितलं होतं. दहाच्या सुमाराला तो अंगणात चालता चालता कलंडला. उठला, पुन्हा कलंडला. डोळे उघडे, पण मला बघत नव्हते. मशीनवर आकडा आला बेचाळीस. आक्का, एवढे दिवस जो आकडा खाली यावा म्हणून मी देव पाण्यात घातले होते, तो इतका खाली बघून माझे हातच चालेनात. शकुबाईनं मला बाजूला सारलं, काकवीत बोट बुडवलं आणि त्याच्या हिरड्यांवर चोळत बसली. पुन्हा बोट, पुन्हा चोळणं. मी शेजारी बसून नुसतं "आक्काला काय सांगू, आक्काला काय सांगू" म्हणत होतो. ती म्हणाली, "आदी त्येला हाक मारा. तुमचा आवाज वळकतोय त्यो." मी हाक मारली. बऱ्याच वेळानं त्यानं शेपटीचं टोक हलवलं, आणि मग शकुबाईच्या बोटाला चावला. इतक्या आनंदानं चावून घेतलेलं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

डॉक्टर मोटरसायकलवरून तातडीनं आले. मी शिव्या खायच्या तयारीत होतो. त्यांनी वही मागितली, शेवटची चार पानं वाचली आणि म्हणाले, "हिंदुराव, चूक तुमची झाली खरी. पण ह्याला आता तेवढं औषध लागत न्हाय, हेबी त्यातनं दिसतंय." डोस अर्धा केला. अर्ध्यावरही साखर शंभराच्या घरात राहिली. मग जूनच्या एक तारखेला त्यांनी ठरवलं: पंधरा दिवस इन्सुलिन बंद ठेवून बघायचं. रोज साखर मोजायची. वर गेली तर पुन्हा सुरू, आणि मग कदाचित जन्मभर.

ते पंधरा दिवस मी लहानपणी परीक्षेलाही काढले नव्हते असे काढले. पट्ट्या संपत आल्या तर जरिनाभाभी म्हणाल्या, माझी आठवड्यानं बघितली तरी चालंल, त्येची रोज बघा. पहिला दिवस एकशे दहा. दुसरा एकशे चार. तिसरा एकशे सोळा. चौथ्या दिवशी डॉक्टरांना दाखवायला एसटीनं नेला. गाडीत कोंबड्यांचं खुराडं, शेजारी एकाचं कुत्रं. दवाखान्यात मोजली तर दोनशे अडतीस! मी खाली बाकावर बसलो. संपलं म्हणालो. पण डॉक्टर म्हणाले, घाई नको, घरी जाऊन शांत झाल्यावर पुन्हा मोजा. संध्याकाळी ओट्यावर मोजली, एकशे अठरा. भ्यालं की मांजराची साखर चढते, हे त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळलं. त्यानंतर डॉक्टरच आमच्याकडं यायला लागले, आणि येताना दारातच पांढरा कोट काढून ठेवायचे.

पंधराव्या दिवशी ओट्यावर चहाचे अकरा कप होते. थेंब घेतला. शहाण्णव. जरिनाभाभींनी लगेच स्वतःचं बोट पुढं केलं, त्यांची आली एकशे चौसष्ट. "माझ्यापरास बोका बरा," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत हसल्या. आज महिना होत आला. आठवड्यातून दोनदा मोजतो, शंभराच्या पुढं फार जात नाही. पुन्हा उलटू शकतं, असं डॉक्टर बजावतात, म्हणून वही बंद केलेली नाही.

आणि आता मुख्य. गेल्या रविवारी बारामतीत जनावरांच्या डॉक्टरांची बैठक झाली. कोकरे डॉक्टरांनी मला नेलं होतं. त्यांनी सगळ्यांपुढं सुभेदाराची हकिकत सांगितली आणि माझी वही वर धरली. एका मोठ्या डॉक्टरांनी पानं चाळून विचारलं, हे गृहस्थ कुठल्या दवाखान्यात असतात? कोकरे म्हणाले, "दवाखान्यात न्हाय. वजनकाट्यावर हुते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उभा राहिलो, टोपी सारखी केली आणि बसायचंच विसरलो. आपले आबा असते तर फोटो काढला असता.

असो. फार लिहिलं. जुळ्यांना जपावं, दाजींना गुडघ्याला तेल लावायला सांगावं. बाकी भेटीत.

तुझा,
हिंदुराव

ता. क. : तुम्ही श्रावणात परत येणार असं दाजी फोनवर म्हणाले. घाई करू नये. जुळी लहान आहेत, दिपाली एकटी आहे, नागपूरची हवाही चांगली आहे असं ऐकतो.

दुसरा ता. क. : आक्का, खरं लिहितो. सुभेदाराला न्यायला येऊ नकोस. म्हणजे तू ये, आठ दिवस राहा, त्याला मांडीवर घे, पण त्याला इथंच राहू दे. बारामतीच्या एसटीत त्याची साखर चढेल. आणि नाही चढली तरी राहू दे. मी धाकटा म्हणून तुझ्याकडं आजवर काही मागितलेलं नाही. (ती तुझी सायकल मी न विचारता घेतली होती, ती यात धरू नये.)

तिसरा ता. क., शकुबाईच्या हातचा : वन्सं, नमस्कार. हे पाकीट आणायला गेल्यात, तवर लिवते. ह्यांनी लिवलंय ते समदं खरं हाय, पर येक गोष्ट लिवली न्हाय. कारखान्याची नोकरी सरल्यापास्नं दोन वर्सं हे भिताडाकडं तोंड करून बसत हुते. जेवा म्हटलं तर जेवायचे, न्हायतर न्हाय. कुनाशी बोलनं न्हाय. तुमी काळजी कराल म्हनून मी तुमाला कळवलं न्हवतं. आता पाटे सहाला उठत्यात, आंगूळ करत्यात, वही काढत्यात, गल्लीभर बोलत फिरत्यात. परवा तर डाक्टरला शिकवत हुते. बोका तुमचा हाय, आमी न्हाय म्हननार न्हाय. पर त्येला नेनार असाल तर ह्यांनाबी संगं घेऊन जावा. खायाला दोगांनाबी येळंवर लागतं, मोजून.