साक्षीदाराचा कठडा

स्वयंपाकघर, उंद्री
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

चि. गार्गीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

मी मजेत आहे. कापसाचा पहिला वेचा घरात आला. ढवळी व्याली, कालवड झाली. काल शनिवार असून तू आली नाहीस, म्हणून तुझ्यासाठी केलेलं भरीत मी आणि शेजारच्या सिंधूताईनं संपवलं. ‘पेपर तपासायचे आहेत’ म्हणालीस फोनवर. खामगावच्या तुझ्या कॉलेजातली पोरं एवढं लिहायला लागली असतील तर आनंदच आहे.

देवेशरावांबद्दल पुन्हा विचारलंस. पुन्हा सांगते, मुलगा चांगला आहे. पुण्यात नोकरी, घरची माणसं बरी, उंची तुझ्यापेक्षा जास्त. लग्नाच्या तारखेचं मात्र बघू. घाई काय आहे?

‘आई, हे कुठं बसून लिहितेस ते सांग आधी,’ असं तू म्हणणार. वर लिहिलंय ना, स्वयंपाकघर!

मागच्या रविवारी देवेशराव एकटेच येऊन गेले. तूच पाठवलं असणार. चहा झाल्यावर म्हणाले, “काकू, तो दगडी गोठा बघायचाय.” आपल्या कोठ्याला कोणी गोठा म्हटलं की ढोरांनी इस्त्रीचे कपडे घातल्यासारखं वाटतं मला. नेलं. कमानी बघून म्हणाले, “हेरिटेज आहे हे!” आणि हेरिटेजात पाऊल टाकताच शेणावरून घसरले. कठडा हाताला लागला म्हणून वाचले.

मग मी सांगितलं, की इंग्रजांच्या काळी इथं मुन्सफाची कचेरी होती. कचेरी हलली तेव्हा तुझ्या पणजोबांनी इमारत लिलावात घेतली आणि ढोरं बांधली. मुन्सफाच्या ओट्यावर आता ढोरांना घालायच्या कुटाराचा ढीग, आणि साक्षीदार ज्या कठड्यात उभे राहून शपथ घ्यायचे त्याला वासरू. फक्त एक नाही सांगितलं, की आपल्या घरचं कोणी कोठ्यात खोटं बोलत नाही. बोललं तर गाय पान्हा चोरते. माझ्या पुरणपोळीबद्दल तुझ्या बाबांनी खरं मत दिलं ते तिथंच. नंतर दोन दिवस स्वयंपाकही त्यांनीच केला.

तर माणूस आयताच कठड्यात उभा. मी सोडते होय?

“गार्गी स्वयंपाक कसा करते?”

“वाईट, काकू. पण मला येतो.”

“आमचं गाव कसं वाटलं?”

“बसमध्ये उलट्या झाल्या. अजून नीट बघितलंच नाही.”

“अन् मी?”

“तुमची भीती वाटते.”

सिंधूताई धार काढत होती. हसता हसता तिची बादली कलंडली असती. “काऊन घाबरवून राह्यली वं त्या लेकराले! इतकं खरं तं आपल्या घरचे माणसं बी नाई बोलत.”

मग ते म्हणाले, “काकू, आता मी एक विचारू? गार्गी पुण्याला आली की शनिवारी तुम्ही काय कराल?”

मी आधी उंबरठा ओलांडला, अंगणात आले, आणि तिथून म्हटलं, “मजेत राहीन! मले काय धाड भरली?”

ते नुसते उंबरठ्याकडे बघत राहिले. गार्गे, कोठ्याचा कायदा तू त्यांना आधीच सांगून ठेवला होतास ना? म्हणजे कायदा माहीत असूनही ते आत आले, आणि उलट्या, भीती, सगळं खरं सांगितलं. आणि मी पळाले.

पुढचं इथं बसून लिहवत नाही. थांब.

*

फोनच केला असता, पण या भिंतींत रेंज येत नाही. कुटारावर बसलेय. ढवळी संशयानं बघतेय.

तारीख मी लांबवते आहे ती मुलामुळे नाही. तू येणार नाहीस हे काल सकाळीच कळलं होतं. तरी भरीत केलं, आणि खामगावची बस आली तेव्हा फाट्यावर जाऊन उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, “बसता का बाई?” त्यालाच दोन शब्द सुनावून परत आले. बाबा गेल्यापासून माझा आठवडा एका दिवसाचाच आहे, पोरी. बाकीचे दिवस मी ढोरांवर आणि गावावर तोंड टाकून काढते. तो एक दिवस देऊन टाकायचं जिवावर येतंय. तू गेल्यावर मी मजेत राहणार नाही. निदान लगेच तरी नाही.

आणि हेही इथंच बसून लिहिते: मुलगा मला आवडला. तारीख काढा. शनिवारचीच काढा, म्हणजे एका शनिवारी तरी हे घर माणसांनी भरलेलं बघीन.

येत्या शनिवारी ये. देवेशलाही आण. अहोजाहो पुरे झालं. त्याला बसमध्ये पुढं बसव आणि तोंडात आवळासुपारी ठेवायला दे. भीती वाटते तेवढी वाटू दे, माझ्या उपयोगाची आहे.

कालवड आत्ता सुटून ढवळीला लुचतेय. पान्हा सोडलाय तिनं, भरपूर.

तुझी आई,
कोठ्यातून