कीबोर्डवरचं कोटाचं बटण

प्रिय आई,

आधी हेडफोन कानाला लाव. बटणावर बोट दाबलंस की हा आवाज थांबेल, पुन्हा दाबलंस की थांबला तिथूनच सुरू होईल. लावलेस? दार लोटलंयस ना? बरं. आता पहिली गोष्ट. मागच्या पत्रात मी एक चूक केली होती, ती आधी दुरुस्त करते, म्हणजे माझ्या जिवाला स्वस्थता. मी लिहिलं होतं की कॉम्प्युटर बोलायचा बंद झाला, कारण तू भलतंच काहीतरी दाबलं असशील. ते साफ चुकीचं होतं. तू अगदी तेच दाबत होतीस जे मी शिकवलं होतं. चूक मी निवडलेल्या सॉफ्टवेअरची होती, म्हणजे पर्यायाने माझीच. ते पत्र नेहमीप्रमाणे शेजारच्या काकूंनी तुला मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा आणखी दोघीतिघींनीही ऐकलं असणार. म्हणून पुढच्या साध्या पत्रात ही दुरुस्ती मी काकूंनी मोठ्याने वाचावी अशी पुन्हा लिहीन. हे पत्र मात्र फक्त तुझं आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी तुला असं लिहिते आहे, की मध्ये कुणी माणूस नाही.

हा कॉम्प्युटर आमच्या ऑफिसातून भंगारात निघाला तेव्हा मी तो मागितला, आणि तो मला दिल्याचं सहीशिक्क्याचं पत्र घेतल्याशिवाय दाराबाहेर नेला नाही. मोठ्या बाबूंनी विचारलं, “काय गं, याला माहेरी पाठवतेस का?” मी म्हटलं, “हो, आईकडे.” सगळे हसले. आमचं काम जुने कागद स्कॅन करायचं आणि त्यांच्या फाइली करून ठेवायचं, त्यामुळे फाइली वाचायची सॉफ्टवेअर मला नवी नव्हती. तरी तुझ्यासाठी मोठ्याने वाचून दाखवणारं निवडायचं म्हटल्यावर मी दहादा विचार केला. पहिल्यांदा मी सगळ्यांकडे असतं तेच घातलं, नावाजलेलं. म्हटलं, एवढे लोक वापरतात ते वाईट कसं असेल? त्याचा परवाना-करार पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मोठे बाबू म्हणाले, तो वाचणारी तू जगातली पहिलीच. मग सगळ्यात वरच्या रांगेतल्या एका कीवर मी तुझ्या डब्यातलं चार भोकांचं कोटाचं बटण चिकटवलं, म्हणजे तुला शोधावं लागणार नाही. तू त्यावर अंगठा फिरवलास आणि म्हणालीस, “हे तर त्या बँडवाल्याच्या कोटाचं, त्याला मी दुसरं लावलं.” एका बटणावरून! मी तेव्हा नुसती हसले होते.

त्यात पहिल्यांदा आवाज उमटला तेव्हाचं तुझं बोलणं मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय. मी भीतभीत विचारलं, कशी वाटली ही बाई? तू म्हणालीस, “बरी आहे बिचारी, पण श्वासच घेत नाही. कुणी हाकलतंय का तिला?” म्हणून या पत्रात मी जागोजाग जास्तीचे विराम टाकलेत. ऐकताना ती मध्येच थांबली तर समज, मी तिला पाणी प्यायला बसवलंय.

मग मी परत आले आणि आठवड्यातच ते मुकं झालं. फोनवर तू म्हणालीस, “रुसलंय.” मी विचारलं, पडद्यावर काय दिसतंय? तू म्हणालीस, “काय दिसायचं, नेहमीचंच.” आणि मी शहाणीने लिहून टाकलं की तूच काहीतरी दाबलंस. परवा घरी येऊन पाहिलं तर पडद्याच्या मधोमध ही एवढी लाल चौकट. नवी आवृत्ती आली आहे, आत्ताच्या आत्ता घ्या, तुमची यंत्रणा मात्र जुनी आहे, ती बदला, असं सगळं त्या एका चौकटीत. अर्धा पडदा तिनेच अडवला होता. बाई मागे गुपचूप उभी होती, चौकट बाजूला झाल्याशिवाय बोलणार कशी? ती चौकट पंधरा दिवस तुझ्यासमोर होती, आई.

शंका मला तिथेच आली, पण तोंडावर विचारलं असतं तर तू उडवून लावलं असतंस. कामाला लागले. नवी आवृत्ती घालून पाहिली, तर कॉम्प्युटर धापा टाकायला लागला, एक पान उलटेपर्यंत तुझी एक बाही शिवून झाली. मग दुसरं घातलं, हलकं होतं, पण मुकं. तिसरं फुकटात मिळत होतं आणि फारच गोड बोलत होतं. ते बसवायची एक-एक पायरी वाचली तर तिसऱ्या पायरीला आधीच बरोबरची खूण केलेली, की सोबत आणखी दोन वस्तू तुमच्या घरात घुसवतो. ते तिथूनच परत पाठवलं. चौथं मिळालं ते साधं, छोटंसं. त्याची नवी आवृत्ती आपल्या मशीनला पेलत नाही, पण या जुन्या मशीनसाठीची शेवटची आवृत्ती बनवणाऱ्यांनी स्वतःच्या वेबसाइटवर नीट ठेवली आहे. तीच घेतली. आपल्या भाषेचा आवाज वेगळा घातला, त्याची जी दुरुस्ती निघाली होती तीही घातली. जुन्या आवृत्तीला बाहेरून कुणी त्रास देऊ नये म्हणून काकूंच्या वायफायशी त्याचं नातं कायमचं तोडलं. आता कुठलीच चौकट तुझ्यापुढे येणार नाही. काही बदलायचं झालं तर मी येऊन माझ्या हाताने बदलीन. पत्र या पेन ड्राइव्हवर येईल, लोकरीची गाठ लावलेल्या भोकात तो खोवायचा आणि बटण दाबायचं. हे पत्र तू ऐकते आहेस म्हणजे तेवढं जमलं. मला खात्री होती. तरी मी माझ्याकडे एक जादा ड्राइव्ह करून ठेवलाय. तू मला कटकट म्हणतेस ते उगाच नाही.

चौथ्यावर येईपर्यंत संध्याकाळ झाली होती. मध्ये मी गंमत म्हणून अक्षरं मोठी केली, एवढी की एका शब्दाने पडदा भरला. म्हटलं, बघ गं, कसा मस्त ठसठशीत दिसतोय! तू मान हलवलीस. कॉम्प्युटरकडे बघून नाही, आई. माझ्या आवाजाकडे बघून.

त्याच संध्याकाळी मी तुझा दोऱ्यांचा डबा आवरला, आठवतं? पांढऱ्याजवळ पांढरी, निळ्याजवळ निळी, दुकानात ठेवतात तशी सगळी रिळं लावून टाकली. आणि तू ओरडलीस. जन्मात कधी माझ्यावर ओरडली नव्हतीस. शाळेचा नवा गणवेश मी शाईने माखून आणला तेव्हासुद्धा नाही. मग तू एकेक रीळ उचलत राहिलीस, कडेवरून बोट फिरवत होतीस आणि परत जागेवर लावत होतीस. तू झोपल्यावर मी एक हातात घेऊन पाहिलं. कडेला कात्रीने कापलेली खाच. पांढऱ्याला एक, काळ्याला दोन, निळ्याला तिरकी. चॉकलेटी आणि करड्याच्या खाचांमध्ये फरक करायला तू एकीला जराशी धग दाखवून गोल केली आहेस. आपल्या घरात लिहिता-वाचता येणारी पहिली मी, असं सगळे म्हणतात आणि मीही मान खाली घालून ऐकून घेते. पण तू एकटीने, कुणाला न विचारता, एक अख्खी लिपी बनवली होतीस, आणि तिच्या जोरावर शिलाईच्या दुकानातली सगळ्यात नाजूक कामं करत होतीस. मालकांनी आजवर तुझा एक टाका उसवायला लावलेला नाही. मला आधी अभिमान वाटला, आणि लगेच भीती.

कारण मग सगळंच आठवायला लागलं. सुई तू ओठाशी धरून ओवतेस. गेल्या वर्षापासून मला विचारतेस, “यातला कुठला रंग बरा वाटतो तुला?” आणि मी वेडी, आईला माझी आवड पटायला लागली म्हणून खूश व्हायची. फोनवर हे बोलता येत नाही. तू दुकानातून बोलतेस, हातात काम असतं म्हणून स्पीकर लावतेस आणि मालक दोन हातांवर बसलेले असतात. पत्रात लिहिता येत नाही, कारण पत्र काकू वाचतात आणि काकू मालकांच्या सख्ख्या बहीण. काकू वाईट नाहीत. “पोर वाळली असेल गं,” असं मी न लिहिलेलं वाक्यही त्या मायेने वाचतात, आणि एखादी ओळ गाळली तर तू दुसऱ्यांदा वाचायला लावून बरोबर पकडतेस. पण हे त्यांच्या तोंडी गेलं असतं तर त्या रडल्या असत्या, आणि रडत रडत भावाला सांगून आल्या असत्या. तुझं काम गेलं असतं. तू त्याचसाठी गप्प आहेस, हे मला कळलंय. म्हणून चार-चार सॉफ्टवेअर पालथी घातली, आई. तुझ्या करमणुकीसाठी नाही. हे एक सांगायला मला माणूस नसलेला आवाज हवा होता.

आमच्या ऑफिसच्या मागच्या रस्त्यावर डोळ्यांच्या डॉक्टर आहेत. मी त्यांना रिळांबद्दल सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून पुन्हा ऐकलं. आधी पाहू दे, म्हणाल्या, या वयात अशी नजर अधू होते ती पुष्कळदा परत आणता येते. येतेच असं त्या म्हणाल्या नाहीत, म्हणून मीही म्हणत नाही. वेळ गुरुवारची घेतली आहे. काकूंना मी खोटं सांगणार नाही. आई दोन दिवस माझ्याकडे येते आहे, एवढंच सांगीन, ते खरंच आहे. तुझी रिळं आणि सुया बरोबर घे, डॉक्टरांना पाहायच्या आहेत. यायचं नसेल तर फोनवर “मशीन पुन्हा रुसलंय” एवढंच म्हण, मला कळेल. कळेल, आणि तरी मी येईन, तेव्हा उगाच म्हणूही नकोस. परत येशील तेव्हा तुझा डबा जसा होता तसाच असेल, मी हात लावणार नाही. आता बटण दाब, ड्राइव्ह काढून मी ज्या ब्लाउजच्या कापडात गुंडाळून पाठवला त्यातच ठेव आणि पिशवी भरायला घे. येत्या बुधवारी, अठरा तारखेला, सकाळच्या पहिल्या बसने मी तुला न्यायला येते.

तुझीच,
कटकट