नेहाला सरळ विचारलं

१२ जानेवारी
न्हाई, मी काय घाबरलो-बिबरलो न्हाई! शेजारची मिनल आमच्या नेहाचं घड्याळ परत द्यायला आली, एवढंच. म्हनाली, आबा, नेहानं घड्याळ, इअरफोन, नवा ड्रेस सगळं मला देऊन टाकलं, आता लागणार न्हाई म्हनाली. सतरा वर्षांच्या नातीला घड्याळ लागणार न्हाई?

लेकाला, रविराजला सांगितलं. सेकंड शिफ्टला निघाला होता. बारावीचं टेन्शन सगळ्याच पोरांना असतंय म्हनाला आणि गाडीला किक मारली. सुनेनं, विजयश्रीनं नेहाची दृष्ट काढली. मी म्हनलो, जीव द्यायचं तर मनात न्हाई ना तिच्या, विचारू का? तर विजयश्रीनं कानावर हात ठेवले —
"असलं बोलू नका मामंजी. नसंल तर डोक्यात येईल."

१३ जानेवारी
नेहा जेवली न्हाई.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ हातात घेतला, तसाच ठेवून दिला. पोळीला शिवली न्हाई.

१५ जानेवारी
विचारलं! कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेस शॉपला अख्खी नोकरी काढली मी. मशिनीत माणूस वाकला असंल तर अंदाज चालत न्हाई. नाव घेऊन विचारायचं, हात बाहेर हाय का. आणि उत्तर येईस्तोवर बटणाला हात लावायचा न्हाई.

गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. म्हनलो, "नेहा, जीव द्यायचं मनात येतंय का?"

तिनं एक कपडा घडी केला, मग दुसरा. मी थांबलो.

"हो, आबा."

ओरडलो न्हाई. शहाणपण शिकवलं न्हाई. खाली बसलो तिच्याजवळ. मग रडली, बोलली. परीक्षेचं थोडंच, बाकीचं लई. कॉलेजात भिंतीवर सरकारचा मदतीचा फोन नंबर लावलाय, १४४१६, रोज वाचायची म्हने, फोन करायची लाज वाटायची. मी लावला. तिकडची बाई शांत बोलली — एकटं सोडू नका, उद्याच डॉक्टरकडं न्या.

विजयश्री तिच्याजवळ झोपली.

१६ जानेवारी
राजगुरुनगरला दवाखान्यात नेलं. रविराजनं सुट्टी टाकली. डॉक्टरीणबाईनं सुनेला समजावलं, विचारल्यानं डोक्यात येत न्हाई, उलट पोर मोकळं होतं. बाहेर बाकावर नेहाच्याच वयाची किती पोरं! एका तालुक्याची ही गत, तर राज्यात किती बाकं लागत असतील?

२ फेब्रुवारी
गोळ्या चालू हायत. दर आठवड्याला डॉक्टरीणबाई. आज नेहानं दोन भाकरी खाल्ल्या आणि आमटीत मीठ कमी म्हनून आईशी भांडली. भांडू दे! कान निवले माझे.

९ फेब्रुवारी
आज नेहानं मला विचारलं. "आबा, तुमच्या मनात कधी आलं होतं?"

व्हय, म्हनलो. एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. कधी, कशापायी, सगळं तिला सांगितलं.

हितं लिहिणार न्हाई.